बांगेच्या आधीचे तारे

बाबांचा शेवटचा साधा दिवस रविवार होता. शिळा सण, म्हणजे आमच्या मोठ्या उपासानंतरचा दिवस. उपासाच्या दिवशी आम्ही दार लावून घेतो. ना कुणाकडे जातो, ना कुणाला घरात घेतो. म्हणून आम्ही बेने इस्राएल लोक त्याला दरफाळणीचा सण म्हणतो. तो बहुतेक वेळा दसऱ्याच्या आसपास येतो, आणि गेल्या वर्षी तर दसऱ्यालाच आला. राहुरीजवळच्या आमच्या वस्तीला हे पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. त्या दिवशी कुणी आमचं दार वाजवत नाही. आपट्याची पानं कडीत खोचून जातात.

रविवारी सकाळी बाबांनी दार उघडलं, कडीतली पानं काढून खिशात भरली आणि ज्याचं सोनं त्याच्या घरी परत द्यायला निघाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात काचबिंदू, पण वस्तीतली सगळी घरं त्यांना पायांनी पाठ होती. कृषी विद्यापीठाच्या गोठ्यावर तीस वर्षं जनावरांचे डॉक्टर होते ते. निवृत्तीनंतरही लोक म्हैस अडली की आमच्याच फाटकाशी यायचे. त्या दिवशी ते शेवटी जुन्या दोस्ताकडे, दिलावरचाचांकडे तासभर बसले आणि जेवायला उशिरा आले.

रात्री नेहमीपेक्षा जास्त जेवले. वालाचं बिरडं, दीड भाकरी, वर पुन्हा भात.

"एवढं?" मी विचारलं.

"भूक आहे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मिल्का, काल तुला किती तारे दिसले?"

"तीन."

"कुठल्या बाजूला?"

"धरणाच्या."

"ढग होते ना?"

"मधे फट होती."

"बरं," बाबा म्हणाले, आणि बिरडं मागितलं.

सोमवारी सकाळी सातला मी त्यांच्या खुर्चीजवळ चहा ठेवला आणि न्हाणीघरात कपडे धुवायला गेले. नऊला आले तेव्हा ते खुर्चीतच होते. चहा भरलेला होता, वर सायीचा पापुद्रा आला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल.

धरणाच्या बाजूला फट नव्हती. कुठल्याच बाजूला नव्हती.

शनिवारी झालं ते असं. बाबा तेराव्या वर्षापासून हा उपास करत होते, अन्न नाही, पाणी नाही, सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी तीन तारे दिसेपर्यंत. पासष्ट वर्षांत एकही चुकला नव्हता. शेवटची वीस वर्षं त्यांना मधुमेह होता. डॉक्टरांनी बजावलं होतं. मी नगरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, मी शोधून काढून त्यांना वाचून दाखवलं होतं की जिवाला धोका असेल तर आपलं शास्त्रच सांगतं, खा.

"ते आजारी माणसासाठी आहे," बाबा म्हणाले होते.

"मग तुम्ही कोण?"

"मी म्हातारा."

शनिवारी पाच वाजल्यापासून त्यांना घाम सुटला. पांढऱ्या सदऱ्याची पाठ भिजली. प्रार्थना म्हणताना तीच ओळ तीनदा म्हणाले आणि ती तीनदा झाली हे त्यांना कळलं नाही. रक्तातली साखर बघायचं यंत्र त्या दिवशी ते हाताला लावू देत नसत. तारे बघायचं काम तीन वर्षांपासून माझ्याकडे होतं, कारण त्यांना ते दिसत नव्हते. मी गच्चीवर गेले. धरणापासून कारखान्यापर्यंत सगळं आभाळ एकसारखं करडं होतं, आणि अजून उजेड होता. मी चार-पाच मिनिटं टाकीला टेकून उभी राहिले. सहाला पाच कमी असताना खाली आले आणि म्हणाले, "दिसले. तीन."

बाबांनी काही विचारलं नाही. हात पुढे केला. मी लिंबाचं सरबत केलं, त्यात साखर दुप्पट घातली. त्यांनी हळूहळू आशीर्वाद म्हटला आणि प्यायला लागले. ग्लास अर्धा झाला आणि वस्तीच्या टोकाच्या मशिदीतून मगरिबची बांग सुरू झाली.

बांग सूर्य मावळला की होते. तारे त्यानंतर अर्ध्या तासानं. हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. बाबांची संध्याकाळची इन्सुलिनची सुई रोज बांगेवर होती, घड्याळावर नव्हती. कान त्यांचे शेवटपर्यंत तीक्ष्ण होते.

त्यांनी मान वळवली नाही. उरलेला अर्धा ग्लासही प्यायले.

वर्षभर मी त्या अर्ध्या ग्लासापाशी उभी आहे. त्यांना कळलं होतं का? कळलं असेल तर ते प्यायले का? कळलं नसेल तर पासष्ट वर्षांचा हिशेब मी एका वाक्यात मोडला, आणि तो मोडलाय हे त्यांना सांगितलंही नाही. सुटीच्या दिवशी मी तीच भांडी दोनदा घासते. बसमध्ये पुस्तक उघडते आणि राहुरी फॅक्टरी येईपर्यंत पहिल्याच पानावर असते.

बाबांना आम्ही वस्तीच्या बाहेर, कब्रस्तानाच्या कुंपणालगत पुरलं. माझे आजोबा वारले तेव्हा जागा नव्हती, म्हणून दिलावरचाचांच्या वडिलांनी त्यांच्या कब्रस्तानाशेजारचा आपल्या शेताचा कोपरा दिला होता. तिथे आमची पाच थडगी आहेत, पाचवं बाबांचं. पुण्याहून नातेवाईक आले ते सहा पुरुष. मृतासाठीचं कद्दिश म्हणायला दहा लागतात. ते म्हटलं गेलं नाही. बिन्यामिनकाकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, एक स्तोत्र म्हटलं आणि सगळे परतीच्या गाडीला लागले.

यंदा दरफाळणी पुन्हा दसऱ्याला आली. आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, मी पहाटेच उठले आणि सहा वाजता पुण्याला फोन लावला.

"काका, जुन्या शास्त्रात एक नियम आहे. देवाशी केलेली चूक उपासानं फिटते, माणसाशी केलेली फिटत नाही. त्या माणसाची माफी मागावी लागते."

"हे मला तू सांगतेस? तुझा बाप आदल्या दिवशी गावभर माफी मागत फिरायचा."

"आणि तो माणूस मेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी जायचं. त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगायचं."

मागे काकूंचा कुकर वाजत होता.

"काय केलंस तू?"

"आधी तिथे सांगते."

"आज संध्याकाळी सगळे रास्ता पेठेत सिनेगॉगला असणार. दहा कुठून आणू? आणि दहा म्हणजे आपल्यातले दहा, मिल्का. पुरुष. तेरा वर्षांवरचे."

"बाबा ज्यांच्यात राहिले ते नाही चालणार?"

"ते मी कसं सांगू? मी काय रब्बी आहे, धर्मगुरू?" मग म्हणाले, "तुला विचारायचंच नव्हतं. तू ठरवून फोन केलायस. तुझ्या बापाची सवय ती."

मी आठ वाजता बाहेर पडले.

पहिलं घर कारभारींचं. त्यांनी अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा केला होता आणि बॉनेटला झेंडूची माळ बांधत होते. शेजारी विळे, कोयते, पाना पाटावर मांडून ठेवले होते. त्यांची बायको छबूबाई आम्हाला दूध घालते. नऊ दिवसांच्या उपासानं तिचं तोंड सुकलं होतं, पण आवाज नव्हता सुकला.

"या ताई! च्या घेनार का? का तुमचा उपास लागला?"

"संध्याकाळपासून."

"आमचं बरं बाई. साबुदाना हाय, भगर हाय, पानी तर पितोच. तुमचं लईच कडक. देव काय म्हनतो, थुंकी बी गिळू नका?"

"तेवढं चालतं."

ती हसली. मी सांगितलं, चार वाजता बाबांच्या थडग्यापाशी या, दहा जण लागतात.

कारभारी माळेची गाठ मारत म्हणाले, "साहेब आजच्याच दिवशी यायचे न्हवं? फाटकात उभं राहून म्हनायचे, कारभारी, वर्षात काय चुकलं असंल तर माफ करा. मी म्हनायचो, माझी म्हैस गाभण न्हाई म्हनालात आन् ती म्हैन्यानं व्याली, त्याची माफी मागा आधी! दरवर्षी त्याच म्हशीची माफी मागायचे बिचारे. म्हैस मरून बारा वर्सं झाली, तरी."

"तुमी तरी कवा सोडली ती म्हैस!" छबूबाई म्हणाली. "येतो ताई. काय आनायचं का? नारळ?"

"काही नाही. नुसतं यायचं."

माझीही आठवण होती तशी. दरवर्षी वस्तीतून फिरून आले की बाबा शेवटी माझ्याकडे यायचे. मी स्वयंपाकघरात असायची, उपासाआधीचं जेवण आटपायच्या घाईत. ते दारात उभे राहून म्हणायचे, "मिल्का, माझं काही चुकलं असेल तर माफ कर." आणि मी म्हणायचे, "केलं, केलं माफ. पानावर बसा." त्यानंतर एक क्षण ते थांबायचे. मला वाटायचं, त्यांना दारातून पाटापर्यंत यायला वेळ लागतो.

विद्यापीठाच्या वसाहतीतून तिघं यायला तयार झाले. शिवाय बाबांबरोबर गोठ्यावर काम केलेले आदिनाथ निंबाळे, आता पंच्याहत्तरीचे, म्हणाले, साहेबांसाठी केव्हाही. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा आणि सून आरती. मी बोटांवर मोजलं. आठ. फरीदाचाची आणि दिलावरचाचा, दहा.

फरीदाचाची भाजी निवडत होत्या, लगेच हो म्हणाल्या. चाचा ओट्यावर स्कूटरचं चाक खोलून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी थडग्यावरचं गवत काढून ठेवतो," ते म्हणाले. "पण दहात मला धरू नको. दुसरा कुणी बघ."

"का?"

"धरू नको म्हटलं ना बेटा."

"अहो, असं काय करता?" चाची म्हणाल्या. "साहेबांची मुलगी आहे ती."

"म्हणूनच." चाचांनी पाना खाली ठेवला. "तू तिथे काय सांगणारेस ते मला ठाऊक आहे. आधीच ठाऊक असलेला माणूस ऐकायला कसा उभा राहणार?"

माझ्या हातातली पिशवी मी दुसऱ्या हातात घेतली. मग पुन्हा पहिल्या.

"त्या रविवारी साहेब इथंच बसले होते," चाचा म्हणाले. "मला विचारलं, दिलावर, काल बांग लवकर झाली का उशिरा? म्हटलं, वेळेवर झाली, सहा दहाला. तर म्हणाले, मग माझ्या पोरीची नजर फार चांगली आहे. बांगेच्या आधी तारे दिसतात तिला."

"रागावले होते?"

"हसले. एवढे हसले की खोकला आला. म्हणाले, ती जिन्यावरून उतरली तेव्हाच पायांवरून कळलं मला, ती काही बघून आलेली नाही. मी म्हटलं, मग कशाला प्यायलात? तर म्हणाले, ती घाबरली होती, दिलावर. ग्लास हातात देताना ग्लास वाजत होता बांगड्यांवर. मी नाही म्हटलं असतं तर ती अर्धा तास मला मरताना बघत बसली असती."

म्हणजे त्यांना कळलं होतं. वर्षभर ज्याची भीती होती ते झालेलं होतं, आणि तरी मी तिथंच उभी होते. मी म्हणाले, "मग मला बोलले का नाहीत?"

"तेच मी म्हटलं. म्हणाले, तिचं ती सांगेल. मी वाट बघतो."

दीड भाकरी, भात, धरणाच्या बाजूला, मधे फट होती, बरं. ते विचारत नव्हते. ते दार उघडून धरत होते.

"एवढंच असतं तर मी आलो असतो बेटा," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला. चाचींनी भाजी निवडणं थांबवलं. "साहेब म्हणाले, आता तुटलेला रोजा भरून काढायला पाहिजे. प्यायलो ते मी जाणून प्यायलो, ते माझ्यावर. तुमच्यात सोमवार-गुरुवार रोज्याचे वार असतात म्हणे. म्हणाले, उद्या सोमवार आहे, उद्याच करून टाकतो. मिल्काला सांगू नको, ती दारात आडवी पडेल."

ओट्यावर एक मुंगी चाकाकडे जात होती. मी तिच्याकडे बघत राहिले.

चहा सातला ठेवला होता. नऊला भरलेला होता. मला वाटलं होतं, प्यायच्या आधीच गेले. वर्षभर मी सगळ्यांना तेच सांगत होते, चहा घ्यायच्याही आधी गेले हो.

"मी यायला पाहिजे होतं त्या सकाळी," चाचा म्हणाले. "तुला सांगायला. फाटकापर्यंत आलोही होतो. मग म्हटलं, शब्द दिलाय. परत फिरलो. आता सांग, मी कुठल्या तोंडानं दहात उभा राहू?"

चाचींनाही हे आजच कळत होतं.

डॉक्टरांनी हृदय म्हटलं होतं, साखर नव्हे. रात्री ते पोटभर जेवले होते. एका सकाळच्या उपासानं माणूस जात नाही, हे मला ठाऊक आहे. मला बरंच काही ठाऊक असतं. मी घरी आले.

घरी आल्यावर चहाचा तो कप फळीवरून काढला, धुतला, पुसला, परत ठेवला. पुन्हा काढला. उपासाची पांढरी साडी कपाटातून काढली. उपासाआधीच्या जेवणाची डाळ शिजत टाकली आणि गॅस बंद केला. दोन वाजता वाटलं, सगळ्यांना नको म्हणून कळवावं. वर्षभर एका खोट्याचं ओझं होतं. आता त्या खोट्यासाठी केलेला एक उपास होता, आणि तो उपास सुरू असताना मी शेजारच्या न्हाणीघरात चादरी पिळत होते. हे दहा माणसांसमोर सांगायचं? त्यातल्या एकाला माझ्याआधी माहीत असलेलं?

तीन वाजता बाहेर पडले. आधी चाचांच्या दारात गेले. ते ओट्यावरच होते, चाक अजून जोडलेलं नव्हतं.

"चाचा, तारे नव्हते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मला त्याबद्दल काय म्हणायचंय ते तुम्हाला ठाऊक नाही. ते मलाही अजून ठाऊक नाही. तुम्ही दहावे आहात."

त्यांनी हात चिंधीला पुसले. बराच वेळ पुसले. मग टोपी घातली.

चार वाजता सगळे कुंपणापाशी जमले. गेल्या आठवड्यातल्या पावसानं कोपऱ्यात चिखल होता. चाचांनी विळ्यानं गवत काढलं होतं तेवढीच वाट कोरडी होती. कारभारींच्या कपाळावर पूजेचा गुलाल होता. फरीदाचाचींनी पदर डोक्यावरून घेतला. आदिनाथांना सुनेनं हाताला धरून उभं केलं. विद्यापीठातले तिघं जरा मागे उभे राहिले, परक्या लग्नात उभं राहावं तसे. मी मोजलं. मला धरून अकरा, मला सोडून दहा.

"आमी काय म्हनायचं?" छबूबाईनं हळूच विचारलं.

"काही नाही. ऐकायचं."

"बस्स?"

"एवढंच अवघड असतं, गप ऱ्हा," कारभारी म्हणाले.

मी थडग्याकडे तोंड केलं. बाबांच्या दगडावर हिब्रूत एक ओळ आहे आणि खाली मराठीत नाव, हनोख सॅम्युएल झिराडकर. ओळीचा शेवट मला पुसट दिसायला लागला, म्हणून मी नाव वाचलं. घरून मी वाक्यं ठरवून आणली होती, शास्त्रात सांगितली आहेत तशी. इस्राएलच्या देवाशी आणि या माणसाशी मी अपराध केला, असं सुरू करायचं. मी सुरू केलं. "या माणसाशी" म्हणाले आणि थांबले. मागे कुणीतरी पाय बदलला. चिखलात चप्पल सुटल्याचा आवाज आला.

ही भाषा मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"बाबा," मी म्हणाले. "तारे नव्हते. एकही नव्हता. मी वर बघायला गेलेच नव्हते, खोटं कसं बोलायचं ते ठरवायला गेले होते."

दिलावरचाचा हुंदका दाबत होते, ते ऐकू येत होतं. मी वळले नाही.

"तुम्ही रविवारी विचारलंत, मी परत खोटं बोलले. सोमवारी चहा दिला आणि तुमच्याकडे न बघता गेले. बघितलं असतं तर कळलं असतं, तुम्ही कपाला हात लावत नाही आहात. दरवर्षी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात यायचात, माफी मागायचात, आणि मग जरा थांबायचात. कशासाठी थांबायचात ते मला आज कळलं."



"माझंही चुकलं असेल," मी मोठ्यानं म्हणाले, मागच्या तिघांना ऐकू जाईल एवढ्यानं. "असेल नाही. चुकलं. बाबा, मला माफ करा."